गावपळणीतली हाक

मी एक जुनी होडी आहे. खाजणे गावच्या खाडीकाठी, सुरूच्या झाडांखाली मला पालथी घातलेली तुम्ही पाहिली असेल. शाळा सुटली की तुमच्यातली काही जण माझ्या पाठीवर बसून आवळे खातात आणि बिया पाण्यात भिरकावतात. मला त्याचा राग येत नाही. पाठीवर कोणी बसले की उलट बरे वाटते. मित्रांनो, माझा सारा जन्म माणसांना बसवून घेण्यातच गेला आहे.

आज मी तुम्हाला माझी गोष्ट सांगते. तिच्यात थोडे भिण्यासारखे आहे, पण ती शेवटपर्यंत ऐका.

एकोणीसशे पन्नास सालच्या थंडीत माझा जन्म झाला. गावचे गंगाराम मेस्त होड्या बांधत. त्यांनी मला आंब्याच्या फळ्यांची घडवली, फटींत काथ्या आणि राळ भरली, आणि अंगाला उंडीचे तेल चोळले. मेस्तांना दमा होता. आवाज घोगरा, मध्येच तुटणारा. काम करताना ते माझ्याशी बोलत. "बाये, अंग चोरू नको," असे म्हणत आणि खिळा ठोकत. मला पाण्यात ढकलले त्या दिवशी त्यांनी माझ्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, हळदकुंकू लावले आणि म्हणाले, "बाये, भार घेवक शीक. बाकी सगळा पाणी बघता." तेवढे एकच शिक्षण मला मिळाले.

मी तरीची होडी झाले. गावातून पलतडी, म्हणजे खाडीच्या पलीकडच्या काठावर, माणसे नेणे आणि आणणे हे माझे काम. मला चालवणारा लवू तारी. त्याचा बापही तारीच होता आणि तो मी पाण्यात पडण्याआधीच वारला होता. लवू आजारी असला की त्याची बायको नर्मदा वल्हे हातात घेई, आणि खरे सांगायचे तर ती त्याच्यापेक्षा सरळ वल्हवी.

माझ्यातून कोण कोण गेले. नवऱ्या गेल्या, बाजाराच्या टोपल्या गेल्या, भाताची पोती गेली, मुंबईहून रजेवर आलेले चाकरमानी पत्र्याच्या ट्रंका घेऊन आले आणि रजा संपताच तशाच ट्रंका घेऊन परत गेले. उतरताना माणसे म्हणत, "देव बरा करो रे, लवू." आमच्याकडे आभार असेच मानतात. काहीजण नाळेला हात लावून तो कपाळाला लावीत.

हळूहळू मला वजन कळू लागले. न बघताही, माझ्या काठावर पाय पडताच कोण आले ते मी ओळखी. गंगाराम मेस्त आधी डावा पाय टाकत आणि श्वास घ्यायला थांबत. गावचे वडीलधारे मानकरी दाजी छातीशी काठी धरून मधोमध बसत, त्यामुळे मी कधी कलंडत नसे. त्यांचा मुलगा सत्यवान दोन्ही पायांनी उडी मारून येई. आणि लवू-नर्मदेची मुलगी सुगंधा नाळेवर बसून पाण्यात पाय सोडी. तिचे वजन ते केवढे, पण ती नसली की मला चुकल्यासारखे होई.

सुगंधा एका श्रावणात तापाने गेली. पलतडच्या वैद्याकडे आम्ही तिला नेत होतो. ती नर्मदेच्या मांडीवर होती. भर खाडीत, अगदी मधल्या पाण्यात, तिचे वजन बदलले. किती बदलले ते सांगता येणार नाही. लवूला कळायच्या आधी ते मला कळले आणि मी काही करू शकले नाही.

त्यानंतर दोन पावसाळ्यांत गंगाराम मेस्त दम्याने गेले. दाजींचा सत्यवान मच्छीमारीच्या मचव्यावर होता, तो वादळात सापडला आणि त्याचा देहसुद्धा हाती लागला नाही. दाजी त्यानंतर माझ्यात बसत, पण कामाशिवाय कोणाशी बोलत नसत.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

मित्रांनो, आमच्या गावात गावपळणीची चाल आहे. काही वर्षांनी एकदा, मार्गशीर्षाच्या थंडीत, देव रवळनाथ कौल देतो आणि सगळे गाव तीन दिवस शिवेबाहेर जाते. सगळे म्हणजे सगळे. माणसे, गुरे, कोंबड्या, कुत्रीमांजरे. चुलीतला विस्तव विझवतात, दारे ओढून घेतात आणि माळावर किंवा पलतडी माडाच्या विणलेल्या झापांच्या झोपड्या बांधून राहतात. शाळा बंद, शेत बंद. मुलांना ती मोठी सुट्टीच. बाया फुगड्या घालतात, पुरुष भजने म्हणतात, एका पंगतीला जेवणे होतात. पण ज्या गावातून उठून यायचे, त्या गावाकडे त्या तीन दिवसांत कोणी बोटही दाखवत नाही. तिथे तेव्हा कोण राहते याबद्दल कोणी बोलत नाही.

ती छप्पन्न सालची पळण. निघायच्या सकाळी खाडीवर धुके होते. खालची वाडी माझ्यातून पलतडी जाणार होती आणि वरची वाडी गाड्या जुंपून उत्तरेच्या माळावर. दाजी काठावर उभे होते. नवीन सुना होत्या, त्यांनी पळण कधी पाहिली नव्हती. त्यांना दाजींनी सांगितले, "ही भूय आपली नाय. आपणाक वापरूक दिली हा. वर्साची वर्सां आपण हिच्यार नांगर घालतंव, चुली पेटवतंव, भांडतंव. म्हणान तीन दिवस जेची तेका परत देवची. निघताना देवाक म्हणा, बरा सांभाळलंस. मागे बघू नका."

सुनांनी हात जोडले. माणसे बसत होती, मी खाली दबत होते. शेवटच्या खेपेला नर्मदेने विचारले, "काशीबाय खंय ती?"

काशीबाई म्हणजे देवळामागच्या टेपावर, म्हणजे उंचवट्यावर, पोफळीच्या बागेत एकटीच राहणारी म्हातारी. तिचा मुलगा मुंबईला गिरणीत होता. होडीतून कोणीतरी म्हणाले, "ती गणपताच्या गाडयेन गेली." गणपत हा तिचा पुतण्या, वरच्या वाडीतला. नर्मदेला ते पटले आणि लवूने वल्हे मारले.

खाडीच्या मध्यावर एक खांब रोवलेला होता. त्याला लाल फडके बांधलेले. तीच गावची शीव. खांब मागे पडला तशी माणसे मोकळी झाली, बोलू लागली. पलतडी मला माडाला बांधले आणि चुली पेटल्या. पहिली रात्र भजनात गेली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती हाक आली.

जेवणे आटोपली होती. मुले सावलीत निजली होती. वारा पडला होता आणि खाडीचे पाणी तेल ओतल्यासारखे सपाट झाले होते. समोर आमचे गाव दिसत होते, पण एकाही घरावर धूर नाही, एकही कोंबडा नाही. दोरीवर विसरलेले एक लुगडे तेवढे होते आणि तेही हलत नव्हते. आणि त्या काठावरून हाक आली.

"ताऱ्याऽऽ, होडी हाऽऽड."

होडी आण, ही रोज शंभरदा ऐकलेली हाक. पण त्या दिवशी माझ्या फळ्यांतला काथ्यासुद्धा आखडला. कारण आवाज घोगरा होता, मध्येच तुटणारा. आणि शेवटी तो म्हणाला, "बाये."

गंगाराम मेस्तांना जाऊन दोन वर्षे झाली होती.

झोपड्यांपुढे बसलेली माणसे जिथल्या तिथे राहिली. ज्याच्या हातात पान होते त्याच्या हातात पान. कुत्रे भुंकले नाहीत, कान पाडून जमिनीला चिकटले. थोड्या वेळाने पुन्हा तीच हाक. मग काहीच नाही.

नर्मदा उठून उभी राहिली. तिने लवूला हळूच विचारले, "तुमी आयकलास?"

"आयकलंय."

"कोणाचो आवाज?"

लवू म्हणाला, "बापाशीचो."

नर्मदा म्हणाली, "माका सुगंधान हाक मारल्यान. 'आये, होडी हाड,' म्हणाली."

मग एकेक जण बोलू लागला. कोणी म्हणाले आजी, कोणी म्हणाले थोरला भाऊ. हाक एकच होती, पण प्रत्येकाला आपल्याच माणसाच्या आवाजात ऐकू आली होती, आणि त्या माणसांतले एकही आता जिवंत नव्हते. एका सुनेने मुलाला उचलून छातीशी धरले. सगळे दाजींकडे पाहू लागले.

नर्मदेने विचारले, "दाजीनू, तुमका कोणाचो इलो?"

दाजी खाडीकडे पाठ करून बसले होते. ते म्हणाले, "माका कायच आयकाक येवक नाय."

आणि मग म्हणाले, "ओ देऊ नको, नर्मदा. ते असेच करतत. आपल्या माणसाचो आवाज घेतत आणि शिवेच्या आत ओढतत. पळणीत जो मागे गेलो तो रगत ओकान मेलो, ह्या आमच्या वाडवडलांनी सांगितलेला हा."

नर्मदा पाण्यापाशी चालत आली. मी माडाला बांधलेली, तिच्या पायांजवळच होते. तिचा आवाज कापत नव्हता.

ती म्हणाली, "दाजीनू, माझ्या चेडवान जित्यापणी माका कधी फसवूक नाय. मेल्यार कित्याक फसवीत? आपली माणसां आपणाक वायट करूक हाक मारतीत काय? तेंका काय तरी सांगूचा आसतला."

"काय सांगतीत ती?"

"ता गेल्याशिवाय कसा कळात?"

लवूने माझी दोरी सोडली. तो भित्रा माणूस होता, हे मला ठाऊक आहे. पावसाळ्यात पाणी चढले की त्याचे हात थंड पडत. तो दाजींना म्हणाला, "पलतडसून हाक इली तर ताऱ्यान जावचा, ह्या माका बापाशीन शिकयला. हाक कोणाची ता इचारूचा नाय."

"शीव मोडलंस तर गावाक भोगूचा लागात."

"माका भोगूदे. गावाक नको."

दाजींनी काठी आपटली नाही की आडवी धरली नाही. ते तसेच पाठ करून बसून राहिले. लवू आणि नर्मदा माझ्यात चढले आणि आम्ही निघालो.

शिवेचा खांब मागे पडला आणि गारठा वाढला. दुपारच्या उन्हात असा गारठा मी त्याआधी कधी अनुभवला नव्हता. काठाला लागलो. तिथे कोणी नव्हते. ओल्या वाळूवर आदल्या दिवशी निघतानाची पावले होती, तेवढीच. लवूने विचारले, "कोण आसा?" त्याचाच आवाज देवळाच्या भिंतीवरून परत आला.

तेव्हा तिसरी हाक आली. आता ती काठावर नव्हती. वर, देवळामागच्या टेपावर होती, आणि अगदी बारीक.

नर्मदा म्हणाली, "वर बोलवता." दोघे पाणंदीने वर गेले आणि मी त्या रिकाम्या गावाच्या काठावर एकटी राहिले.

मित्रांनो, गाव रिकामे झाले की किती आवाज बंद होतात ते आपल्याला रोज कळत नाही. जाते नाही, कुऱ्हाड नाही, आईची रागावलेली हाक नाही. दूर कुठेतरी विहिरीवरचा रहाट एकदा कुरकुरला आणि थांबला. मला वाटले, वाऱ्याने. पण वारा नव्हता.

मग माझ्या काठावर पाय पडला.

मी डावीकडे कलले. आधी डावा पाय, मग थोडे थांबणे, मग उजवा. मी चांगलीच खाली बसले. पुन्हा कोणी चढले, दोन्ही पायांनी उडी मारून. मग आणखी कोणी, आणि आणखी. बाजाराच्या दिवशी चढतात तसे, घाई न करता, एकमेकांना जागा देत. पाणी माझ्या कडेच्या बोटभर खाली आले. सर्वांत शेवटी नाळेवर काहीतरी अगदी हलके येऊन बसले, आणि नाळेपुढचे पाणी कोणी पायांनी ढवळावे तसे हलू लागले.

मला भीती वाटली का? हो, वाटली. पण मला एवढेच शिकवले होते, भार घेवक शीक. मी भार घेतला आणि स्थिर राहिले.

थोड्या वेळाने लवू आणि नर्मदा खाली आले. त्यांनी बांबूला लुगडे बांधून झोळी केली होती आणि झोळीत काशीबाई होती. दोरीवरचे ते विसरलेले लुगडे तिचेच होते.

म्हातारी आदल्या दिवशी निघण्याआधी गोठ्याची फळी लावायला मागे वळली होती. बागेत पाय घसरून पडली आणि मांडीचे हाड मोडले. तिने हाका मारल्या, पण गाव तोवर खाली उतरले होते. पुतण्या गणपतला वाटले ती होडीने गेली, होडीतल्यांना वाटले ती गाडीने गेली. एक दिवस आणि एक रात्र ती थंडीत पोफळीखाली पडून होती. घसा इतका बसला होता की शेजारी कान नेला तरच शब्द कळत. खाडीपर्यंत ऐकू जाईल अशी हाक ती मारूच शकत नव्हती.

नर्मदेने तिला अलगद माझ्यात ठेवले. लवू चढला, वल्हे घेतले आणि थबकला. त्याने पाणी कुठवर आले आहे ते पाहिले. तिघे जण, त्यातली काशीबाई म्हणजे कोंबडीएवढी, आणि होडी लग्नाच्या वऱ्हाडाइतकी दबलेली.

तो म्हणाला, "नर्मदा, होडी भरलेली हा गो."

"व्हय," नर्मदा म्हणाली. "तुमी वल्हवा. मागे बघू नका."

तो वल्हवू लागला. त्याच्या कपाळावरून घाम गळत होता आणि दात थंडीने वाजत होते. काशीबाईच्या ओठांशी नर्मदेने करवंटीतले पाणी नेले, तशी म्हातारी मान हलवून पुटपुटली, "पाणी पुरे झाला. सुगंधान दिल्यान माका. रातभर देय होती."

नर्मदेच्या हातातली करवंटी पडली नाही, पण पाणी सांडले. ती करवंटी तिने काशीबाईच्या उशाशीच उचलली होती. भरलेली होती, आणि बागेतला पाण्याचा पाट काशीबाईच्या हातापासून कितीतरी दूर होता.

काशीबाई बोलतच राहिली, थांबत थांबत. "गंगाराम मेस्त बसलेलो. म्हणालो, गप रव, होडी येता. माका ऊब लागली. सगळी भोवती बसली मा. मगे दाजींचो सत्यवान म्हणालो, तू घसो ताणू नको, मी हाक मारतंय."

आम्ही मध्यावर आलो. लाल फडक्याचा खांब बाजूने सरकला, आणि त्याच क्षणी मी वर आले. कोणी उडी मारली नाही, पाणी उडाले नाही. वजन फक्त उतरले, एकदम सगळे, आणि मी इतकी हलकी झाले की लवूचे वल्हे हवेत गेले.

काशीबाईने झोळीतून हात वर केला, आपण एस्टी स्टँडवर करतो तसा. म्हणाली, "उतारली सगळी."

नर्मदेने नाळेवरच्या रिकाम्या जागेकडे पाहिले. मग तिने पदराने तोंड झाकले आणि पलतड येईपर्यंत काढले नाही.

पलतडच्या काठावर सारी खालची वाडी उभी होती, पण पाण्यापासून लांब. पुढे कोणी येईना. एकटे दाजी पाण्यात गुडघ्यापर्यंत उतरले आणि त्यांनी माझी नाळ धरली. त्यांनी काशीबाईकडे पाहिले. मग नर्मदेकडे.

नर्मदा म्हणाली, "हाक सत्यवानान मारली. काशीबायनी तसा सांगितला."

दाजींनी आपला सगळा भार माझ्या नाळेवर टाकला, तो फक्त मला कळला. ते लोकांकडे वळून म्हणाले, "काशीबायेक माझ्या झोपडीत न्या. आणि गणपताक निरोप धाडा." त्यांनी असे म्हटल्यावर माणसे हलली. कोणी घोंगडी आणली, कोणी पेज. पलतडच्या वैद्याला बोलावले. लवूने मला बांधले आणि तो माझ्या सावलीत बसून रडला.

तिसऱ्या दिवशी आम्ही गावच्या काठाला लागलो, पण घरात शिरण्याआधी देवाचा कौल हवा. देऊळ गावच्या काठाला लागूनच आहे, त्यामुळे मी सगळे ऐकले. लवू आणि नर्मदा पायरीखालीच उभे होते. शीव मोडलेली माणसे म्हणून ते वर चढले नाहीत. देवाच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या लावल्या गेल्या. उजवी पडली तर देवाचा होकार.

दाजींनी गाऱ्हाणे घातले. "बा देवा रवळनाथा, तीन दिवस तुझो गाव तुझ्या हवाली केलेलो. मधी दोन माणसां शीव वलांडून आत गेली. ती चुकली असतीत तर तो दोष मी माझ्यार घेतंय, तेंका लावू नको. आणि थंय जी कोणी होती, तेंनी आमची म्हातारी सांभाळली. आम्ही इसारलंव, तेंनी इसरूक नाय. तेंचो उपकार आमच्यार आसा, म्हाराजा."

"होय म्हाराजा," सारे गाव म्हणाले.

पुजाऱ्याचा आवाज आला, "उजवी." दाजी स्वतः पायऱ्या उतरून आले आणि लवूचा हात धरून त्याला वर घेऊन गेले.

काशीबाईचे हाड जुळले. थोडी लंगडत, पण ती पुढे बरीच वर्षे जगली. तिचा मुलगा मुंबईहून आला तेव्हा त्याने माझ्या नाळेला डोके टेकले. त्याला मी काय सांगणार होते?

पण मला त्याहून जास्त आठवते ती पुढची एक दुपार. पौष लागला होता. दाजी एकटेच काठावर आले आणि लवूला म्हणाले, "माका मधी ने." पलीकडे नाही, मधी. लवूने वल्हे घेतले. शिवेच्या खांबाशी त्याने मला गावाच्या बाजूला थांबवले. दाजींनी पंच्यातून एक नारळ काढला, पाण्यात सोडला आणि बराच वेळ तो तरंगताना पाहत बसले.

मग ते पाण्याला म्हणाले, "सत्या, माका आयकाक इलेला रे. पयलीच हाक आयकलेलंय. मी भियालंय."

वारा नव्हता. पाणी सपाट होते. आणि मी एका बाजूने दबले, एका जवान माणसाएवढी. उडी नव्हती या वेळी. कोणीतरी हळू येऊन बसावे तशी दबले.

दाजी मधोमध बसत, हे मी सांगितले. त्या दिवशी ते थोडे सरकले आणि त्यांनी शेजारच्या फळीवर हात ठेवला. लवूने तोंड दुसरीकडे केले. किती वेळ गेला कोण जाणे. ओहोटी लागली तेव्हा वजन उतरले आणि दाजी म्हणाले, "चल, लवू. संध्याकाळ होता." काठावर उतरल्यावर ते वाटेत भेटलेल्या पोराशी बोलले. सत्यवान गेल्यापासून कामाशिवाय कोणाशी आपणहून बोललेले ते पहिलेच.

त्यानंतरच्या पळणीत नवी रीत पडली. निघण्याआधी नर्मदा प्रत्येक घरात डोकावून येई, आणि ती आल्याशिवाय एकही गाडी, एकही होडी हलत नसे. शिवेच्या खांबाशी दाजी मला थांबवायला सांगत. आता ते मागे बघू नका असे म्हणत नसत. माणसे गावाकडे तोंड करून हात जोडत आणि म्हणत, "येतंव. घरां सांभाळा."

दाजी गेले, काशीबाई गेली. खाडीवर पूल झाला. पहिल्या दिवशी गाव वाजतगाजत त्यावरून चालले आणि मला माडाला बांधून ठेवले, ती मी बांधलेलीच राहिले. दोन पावसाळ्यांत काथ्या कुजला, फळ्या सुटल्या, तेव्हा मला वर ओढून सुरूखाली पालथी घातली. गेल्या होळीला माझी एक फळी कोणीतरी नेली. लवूही आता नाही. नर्मदा मात्र थंडी पडली की उंडीचे तेल घेऊन येते आणि माझ्या अंगाला चोळते. नाळेपाशी जास्त वेळ चोळते.

गेल्या मार्गशीर्षात पुन्हा पळण झाली. सगळे पुलावरून गेले, ट्रकमधून, सायकलींवरून. होडीला कोण बरोबर नेणार? पहिल्यांदाच मी शिवेच्या आत राहिले. त्या तीन दिवसांत मी काय अनुभवले ते तुम्हाला सांगणार नाही, कारण तुम्हाला रात्री एकट्याने झोपायचे असते. एवढेच सांगते की मी एकटी नव्हते, आणि मला थंडी वाजली नाही.

मित्रांनो, मला पुन्हा पाण्यात घाला असे माझे मागणे नाही. माझी फळी होळीत टाकू नका, जमले तर वर थोडे झाप घाला, इतके पुरे. पण तुम्ही सुट्टीत घर बंद करून कुठे निघालात, तर कडी लावण्याआधी मोठ्याने विचारा, सगळी आली का? आणि ज्यांनी ते घर, ती वाट, ती विहीर तुमच्यासाठी करून ठेवली, त्यांना दोन शब्द बोलून मग निघा. ती माणसे ऐकत असतात. आणि कधी कुठल्या काठावरून हाक आली, तर कोणाची म्हणून थांबू नका. आधी ओ द्या. भ्यायचे ते मागाहून भ्या.